पदविकेनंतर बी.टेक. संगणकशास्त्र : क्रेडिटचा तक्ता पूर्ण करताना

जून 2025 मध्ये आठव्या सत्राचा निकाल लागला आणि सांगली जिल्ह्यातील एका स्वायत्त अभियांत्रिकी महाविद्यालयातून माझे संगणकशास्त्र व अभियांत्रिकी शाखेचे बी.टेक. पूर्ण झाले. मी बारावी केलेली नाही. दहावीनंतर तंत्रनिकेतनात संगणकाची पदविका केली आणि तिथून थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतला. आमच्या कवठे महांकाळ तालुक्यात या वाटेने जाणारी मुले-मुली पुष्कळ आहेत. प्रवेश कसा घ्यायचा, कट-ऑफ किती लागतो, याची माहिती त्यांना कुठेही मिळते. परंतु प्रवेश मिळाल्यानंतर पदवी हातात पडेपर्यंत नेमके कोणते विषय, किती क्रेडिट (विषयाचे वजन दाखवणारे आकडे) आणि कोणत्या क्रमाने पूर्ण करावे लागतात, हे सांगणारे मला त्या वेळी कोणी भेटले नाही. म्हणून ही तीन वर्षे जशी गेली तशी लिहून काढत आहे.

पदविकेचा निकाल 2022 च्या उन्हाळी परीक्षेनंतर लागला. थेट द्वितीय वर्षाची प्रवेशप्रक्रिया राज्याच्या सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षामार्फत होते आणि गुणवत्ता यादी पदविकेच्या गुणांवर लागते. दहावीची गुणपत्रिका, पदविकेच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला एवढी कागदपत्रे मला लागली. ज्यांना आरक्षणाचा लाभ घ्यायचा होता त्यांना जात प्रमाणपत्र, जात पडताळणी आणि 31 मार्च 2023 पर्यंत वैध असलेले नॉन क्रीमीलेयर प्रमाणपत्रही द्यावे लागले. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्यांचा अहवाल, मग सेतू केंद्र, मग तहसील कार्यालय असा क्रम असतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिथे गर्दी असते. निकालाची वाट न पाहता मे महिन्यातच तो अर्ज करावा. फेऱ्या लांबत गेल्या आणि मी वर्गात जाऊन बसले तेव्हा पाऊस संपत आला होता. पहिल्या वर्षातून वर गेलेल्या मुलांचे तिसरे सत्र तोपर्यंत बरेच पुढे सरकले होते.

उशिरा आलेल्यांना सर्वात आधी नोट्सच्या झेरॉक्स गोळा करण्याची घाई असते. मलाही होती. तेव्हा आमच्या मार्गदर्शक मॅडमनी मला बाजूला बसवून अभ्यासक्रमाच्या संरचनेचा तक्ता उघडायला लावला, आणि पुढची तीन वर्षे तो कागद माझ्या फाईलमध्ये सर्वात वर राहिला. प्रत्येक महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर असा तक्ता असतो. त्यात प्रत्येक विषयासमोर एल, टी आणि पी असे तीन रकाने असतात: आठवड्याला व्याख्यानाचे तास किती, ट्युटोरियल किती आणि प्रात्यक्षिक किती. व्याख्यानाचा किंवा ट्युटोरियलचा एक तास म्हणजे एक क्रेडिट आणि प्रात्यक्षिकाचे दोन तास म्हणजे एक क्रेडिट, हे गणित लक्षात आले की कोणत्या विषयाला किती वजन आहे ते आपोआप दिसू लागते.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2018 मध्ये जो आदर्श अभ्यासक्रम दिला, त्यात चार वर्षांच्या पदवीसाठी एकूण 160 क्रेडिट धरलेली आहेत. आमच्या महाविद्यालयाची रचना त्याच्या जवळपास होती. ही क्रेडिट एका ढिगात मोजत नाहीत, वेगवेगळ्या गटांत मोजतात. गणित आणि मूलभूत विज्ञान, अभियांत्रिकीचे पायाभूत विषय, शाखेचे सक्तीचे विषय, शाखांतर्गत ऐच्छिक विषय, दुसऱ्या शाखेतून घ्यायचे खुले ऐच्छिक विषय, मानव्यशास्त्र व व्यवस्थापन, आणि शेवटी प्रकल्प, सेमिनार, इंटर्नशिप असे ते गट आहेत. शिवाय काही विषय बिनक्रेडिटचे पण सक्तीचे असतात. त्यांना ऑडिट कोर्स म्हणतात. एका गटात जास्त झालेली क्रेडिट दुसऱ्या गटातील कमतरता भरून काढत नाहीत, ही या तक्त्यातील सर्वात महत्त्वाची गोष्ट आहे. शाखेचे ऐच्छिक विषय कितीही घेतले तरी खुल्या ऐच्छिक विषयाचा रकाना रिकामा असेल तर पदवी अडते.

मी दोनशे पानी वहीच्या मागच्या पानावर सहा सत्रांसाठी सहा उभे रकाने आखले आणि प्रत्येक गटासाठी एक आडवी ओळ केली. दर निकालानंतर त्यात आकडे भरायचे आणि शेवटच्या रकान्यात किती उरले ते लिहायचे. थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांना पहिल्या दोन सत्रांची क्रेडिट मिळवावी लागत नाहीत आणि आमच्याकडे सीजीपीए, म्हणजे सर्व सत्रांच्या श्रेणीगुणांची सरासरी, तिसऱ्या ते आठव्या सत्रांवरूनच काढतात. त्यामुळे आपला हिशोब वर्गातील इतर मुलांच्या हिशोबाशी जुळत नाही. त्यांच्या सांगण्यावर आपला तक्ता भरू नये; आपल्यासारख्याच वाटेने आलेल्या वरच्या वर्गातील मुलांना विचारावे.

पहिल्या वर्षाची क्रेडिट माफ असली तरी त्या वर्षाचे सर्वच काही माफ नसते, हे दुसऱ्याच आठवड्यात सूचनाफलकावर लागले. पर्यावरण आणि भारतीय राज्यघटना हे दोन ऑडिट कोर्स, तसेच राहून गेलेला भाग भरून काढणारा गणिताचा एक ब्रिज कोर्स आम्हाला पूर्ण करायचा होता. पदविकेत पाचव्या सत्राला पर्यावरण हा विषय आम्ही शिकलो होतो, म्हणून त्यातून सूट मिळावी असा अर्ज मी विभागप्रमुखांमार्फत दिला. सोबत गुणपत्रिका आणि पदविकेच्या अभ्यासक्रमाची प्रत जोडली. काही आठवड्यांनी उत्तर आले की पदविका स्तरावरील विषय पदवी स्तरावर ग्राह्य धरता येत नाही. निर्णय विरुद्ध गेला, तरी अर्ज लेखी दिला याचे मला समाधान आहे, कारण तोंडी विचारलेल्यांना प्रत्येक खिडकीवर वेगळे उत्तर मिळत होते आणि माझ्याकडे आवक क्रमांक असलेली प्रत होती.

ऑडिट कोर्सना मुले फार हलक्यात घेतात, असे मला वाटते. पर्यावरणाचा विषय सर्व शाखांना आला तो सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेत 1991 मध्ये दिलेल्या निर्देशांमुळे. राज्यघटनेचा भाग वाचताना मूलभूत हक्कांबरोबर माहितीचा आणि खासगीपणाचा प्रश्न येतो. जिला पुढे लोकांची माहिती साठवणाऱ्या प्रणाली बांधायच्या आहेत, तिला तो आपल्या धंद्याबाहेरचा म्हणता येणार नाही. आणि व्यवहाराच्या बाजूने पाहिले तर गुणपत्रिकेवर या विषयासमोर उत्तीर्ण असा शेरा नसेल, तर बाकी सर्व क्रेडिट पूर्ण असूनही पदवीसाठी नाव पुढे जात नाही.

खरी अडचण गणिताची होती. पदविकेच्या संगणक शाखेत आम्हाला पहिल्या सत्रात मूलभूत गणित आणि दुसऱ्या सत्रात उपयोजित गणित होते; त्यानंतर गणिताचा एकही पेपर नाही. म्हणजे पदवीच्या वर्गात बसले तेव्हा गणित सोडून दोन वर्षे झाली होती. बारावी करून आलेल्या मुलांनी त्या काळात अकरावी-बारावीचे आणि शिवाय इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचे गणित केलेले असते. उलट प्रोग्रॅमिंगमध्ये आम्ही पुढे असतो. सी, जावा, डेटाबेस हे सर्व आधी हाताखालून गेलेले असल्यामुळे प्रात्यक्षिकाच्या तासाला आमची कामे लवकर संपत, आणि मग आपले बरे चालले आहे असा समज होतो. तिसऱ्या सत्राच्या वेळापत्रकात विविक्त गणित (डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स) हा चार क्रेडिटचा विषय होता आणि प्रोग्रॅमिंगचे प्रात्यक्षिक एका क्रेडिटचे. चार क्रेडिटच्या विषयात दहापैकी मिळणारा श्रेणीगुण सहावरून सातवर गेला तर बेरजेत चार गुण वाढतात. एका क्रेडिटच्या प्रात्यक्षिकात सातवरून थेट दहावर गेला तरी तीनच वाढतात. हे आकडे समोर मांडल्यावर संध्याकाळचा वेळ कुठे द्यायचा ते ठरवणे सोपे झाले.

मिड-सेमची, म्हणजे सत्राच्या मध्यावरची, परीक्षा मी वर्गात आल्यानंतर थोड्याच आठवड्यांत आली. त्या काळात मी कवठे महांकाळहून एसटीने ये-जा करत होते. महाविद्यालयाचे बोनाफाईड दिले की विद्यार्थ्यांचा सवलतीचा मासिक पास मिळतो, त्यामुळे खर्चाचा बोजा फार नव्हता. पण सकाळ-संध्याकाळ मिळून जाणारा वेळ परवडत नव्हता. संच आणि संबंध, अनुमानाची सिद्धता, आवर्ती संबंध (रिकरन्स) हे शब्द फळ्यावर येत आणि मला प्रत्येक वेळी एक पायरी मागून सुरुवात करावी लागे. त्या दिवसांत पदविकेनंतर मिळालेली साधी नोकरी धरली असती तर बरे झाले असते, असे अनेकदा वाटले. दुसऱ्या सहामाहीत मी सांगलीच्या विश्रामबागेत दोघींबरोबर खोली घेतली. कॉटचे महिन्याला 2,500 रुपये आणि खानावळीचे 2,800 रुपये असा खर्च वाढला, पण त्या बदल्यात रोजचे तीन तास मिळाले आणि ते सर्व गणिताला गेले.

शनिवारच्या ब्रिज कोर्सला आम्ही थेट प्रवेशवालेच असायचो. तिथे सरांनी शिकवलेली एक गोष्ट मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण विषयांचा क्रम तसा का लावलेला असतो ते मला तिच्यातून कळले. कोणत्याही पूर्णांकाला तीनने भागले तर बाकी शून्य, एक किंवा दोन उरते. म्हणजे सर्व पूर्णांक तीन गटांत वाटले जातात आणि एकही पूर्णांक दोन गटांत पडत नाही. विविक्त गणितात याला तुल्यता वर्ग म्हणतात आणि प्रश्नपत्रिकेत त्याची सिद्धता विचारतात. मी ती पाठ करण्याच्या तयारीत होते. पुढे पाचव्या सत्रात संगणन सिद्धांत आला आणि त्यात एक प्रश्न होता: शून्य आणि एक या अंकांत लिहिलेली द्विमान संख्या तीनने भाग जाणारी आहे की नाही, हे डावीकडून एकेक अंक वाचत ओळखणारे यंत्र काढा. त्या यंत्राला नेमक्या तीन अवस्था पुरतात आणि त्या अवस्था म्हणजेच ते तीन गट. हातात आतापर्यंतची बाकी धरायची, नवा अंक आला की बाकी दुप्पट करून त्यात तो अंक मिळवायचा आणि पुन्हा तीनने भागून बाकी घ्यायची. 110 ही संख्या घ्या. शून्यापासून सुरुवात केली की पहिल्या एकने बाकी एक होते, दुसऱ्या एकने दुपटीत एक मिळून तीन म्हणजे बाकी शून्य होते, आणि शेवटच्या शून्याने ती शून्यच राहते. द्विमान 110 म्हणजे सहा, आणि सहाला तीनने भाग जातो.

सहाव्या सत्रात कंपायलरच्या, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाच्या, विषयात हेच यंत्र पुन्हा भेटले. आपण लिहिलेल्या प्रोग्रॅममधून चलांची नावे, आकडे आणि चिन्हे वेगळी काढणारा कंपायलरचा पहिला टप्पा अशाच अवस्थायंत्रावर चालतो, आणि लेक्स हे साधन आपण दिलेल्या नमुन्यांवरून ते यंत्र स्वतः तयार करते. तिसऱ्या सत्रातील गणित, पाचव्यातील सिद्धांत आणि सहाव्यातील प्रात्यक्षिक हे असे एका ओळीत उभे आहेत. अल्गोरिदमच्या विषयाचेही तसेच आहे: आवर्ती संबंध सोडवता येत नसतील तर मर्ज सॉर्ट या क्रमवारी लावण्याच्या पद्धतीला लागणारा वेळ का तेवढाच येतो ते समजत नाही, फक्त लक्षात ठेवता येते. विविक्त गणित कसेबसे काढून पुढे गेलेल्या माझ्या काही मित्रमैत्रिणींना पाचव्या सत्रात दोन विषय एकदम जड गेले. माझे स्पष्ट मत आहे की पदविकेवरून येणाऱ्यांनी प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतात ते दोन-तीन महिने वाया न घालवता अकरावी-बारावीच्या गणिताच्या पुस्तकांतील तर्कशास्त्र, संच व संबंध, सारणी (मॅट्रिक्स), क्रमचय-संचय आणि संभाव्यता ही प्रकरणे सोडवून यावे. ती पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात.

मूल्यमापनाची पद्धतही पदविकेपेक्षा वेगळी होती. सत्रांतर्गत मूल्यमापनाला 20, मिड-सेमला 30 आणि सत्राअखेरच्या परीक्षेला 50 गुण, आणि सत्राअखेरच्या परीक्षेत वेगळे किमान गुण मिळवावे लागत. हजेरी 75 टक्के. जर्नल वेळेवर तपासून सही झाले नाही तर टर्म मिळत नाही, म्हणजे परीक्षेला बसता येत नाही, हे पदविकेत सवयीचे झालेले होते, म्हणून त्या बाबतीत आम्हाला त्रास पडला नाही. मला विविक्त गणितात काठावरचे गुण मिळाले आणि विषय सुटला. चौथ्या सत्रापासून मात्र चित्र बदलले आणि 2023 च्या उन्हाळ्यात वहीतील दोन रकाने पूर्ण भरले.

तिसऱ्या वर्षी ऐच्छिक विषय निवडायचे असतात. अर्ज भरायला आठवडाभराची मुदत असते आणि बहुतेक जण ज्या विषयाचे नाव चालू जाहिरातींत दिसते तो विषय निवडतात. मी प्रत्येक ऐच्छिक विषयाच्या अभ्यासक्रमाचे पान काढून त्यावर लिहिलेले पूर्वआवश्यक विषय पाहिले. मशीन लर्निंगसाठी रेषीय बीजगणित आणि संभाव्यता लागते. माझे रेषीय बीजगणित ब्रिज कोर्सपुरतेच झाले होते, म्हणून मी तो विषय पाचव्या सत्रात न घेता सातव्यात घेतला आणि मधल्या काळात तयारी केली. काही महाविद्यालयांत ऐच्छिक विषयासाठी किमान विद्यार्थिसंख्या लागते आणि ती भरली नाही तर दुसरा पसंतीक्रम मिळतो, तेव्हा दुसरा आणि तिसरा पसंतीक्रमही विचार करूनच भरावा. याच टप्प्यावर ऑनर्सचा, म्हणजे जादा विषय करून पदवीला मिळणाऱ्या जोडीच्या दर्जाचा, प्रश्न येतो. तंत्रशिक्षण परिषदेच्या आराखड्यात त्यासाठी आणखी सुमारे 20 क्रेडिट मिळवावी लागतात. मी ते घेतले नाही. मूळ पदवीचे विषय नीट व्हावेत असे मला वाटत होते, आणि कॅम्पस मुलाखतींसाठी येणाऱ्या कंपन्या बॅकलॉग (राहिलेला विषय) आहे का हे आधी विचारत होत्या, ऑनर्स आहे का हे नंतर.

शुल्काबद्दल थोडे लिहिणे आवश्यक आहे. पहिली दोन वर्षे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून मला शिक्षण शुल्काची निम्मी सवलत होती आणि उरलेली निम्मी रक्कम वडील द्राक्षांचे पैसे आले की भरत. 8 जुलै 2024 रोजी शासन निर्णय निघाला आणि वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची 100 टक्के सवलत लागू झाली. आधीपासून शिकत असलेल्या मुलींनाही ती लागू होती, म्हणून माझे शेवटचे वर्ष त्यात बसले. यासाठी प्रवेश केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतूनच झालेला असावा लागतो; संस्था स्तरावर घेतलेल्या प्रवेशाला लाभ मिळत नाही. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर दर वर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो आणि बँक खाते आधारशी जोडलेले असावे लागते. घरी ही बातमी सांगितली तेव्हा आईने तो शासन निर्णय मला मोठ्याने वाचून दाखवायला लावला.

सातव्या सत्रातील खुला ऐच्छिक विषय मी एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावर केला. आमच्या महाविद्यालयात तशी परवानगी होती, मात्र ती नोंदणीपूर्वी लेखी घ्यावी लागे आणि विषय विभागाने मान्य केलेल्या यादीतील असावा लागे. मी पाणी व्यवस्थापनाशी संबंधित बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम निवडला, कारण म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी कधी सुटणार या चर्चेत मी लहानाची मोठी झाले आहे. अभ्यासक्रमाला नाव नोंदवणे आणि व्हिडिओ पाहणे मोफत असते. प्रमाणपत्रासाठी मला 2024 मध्ये परीक्षेचे 1,000 रुपये भरावे लागले. दर आठवड्याला एक असाइनमेंट असते आणि तिची मुदत वाढत नाही. बारांपैकी सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरून त्यांना 25 गुण आणि केंद्रावरच्या परीक्षेला 75 गुण असतात. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये 25 पैकी किमान 10 आणि परीक्षेत 75 पैकी किमान 30 गुण लागतात. दोन्ही अटी स्वतंत्र आहेत. परीक्षा ऑक्टोबरच्या अखेरीस, दिवाळीच्या तोंडावर आली. त्याच सुमारास महाविद्यालयाच्या सत्राअखेरच्या परीक्षेची तयारी चालू असते, तेव्हा असाइनमेंट सुरुवातीच्या आठवड्यांतच चांगल्या सोडवून ठेवल्याचा उपयोग झाला. प्रमाणपत्रावर शिफारस केलेली क्रेडिट छापलेली असतात. बारा आठवड्यांसाठी ती तीन किंवा चार असतात. यांपैकी किती धरायची ते महाविद्यालय ठरवते, म्हणून परवानगीच्या पत्रातच तो आकडा लिहून घ्यावा.

एनपीटीईएलचा अर्ज भरताना नावाचा प्रश्न उभा राहिला आणि तोच प्रश्न अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यातही आला. ही क्रेडिट बँक जुलै 2021 मध्ये सुरू झाली असून डिजीलॉकरमधून बारा अंकी क्रमांक मिळतो आणि आपली क्रेडिट त्या खात्यात जमा होतात. खाते आधारवरील नावाने उघडते. आधारवर माझे नाव आधी, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव आहे. दहावीपासूनच्या सर्व गुणपत्रिकांवर आडनाव आधी आहे. आपल्याकडे बहुतेकांचे असेच असते. आमच्या महाविद्यालयाने नावाचा क्रम उलटा असलेला चालवून घेतला, पण अक्षरांतला फरक चालवून घेतला नाही. वडिलांच्या नावात आधारवर इंग्रजीत एक अक्षर जास्त होते, ते दुरुस्त करण्यासाठी आधार केंद्रावर जाऊन 50 रुपये शुल्क भरले आणि बदल दिसेपर्यंत बरीच वाट पाहिली. दहावीची गुणपत्रिका आणि आधार शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवणे, हे काम पहिल्याच वर्षी करून टाकावे.

आठव्या सत्रात, जानेवारी 2025 पासून, इंटर्नशिप आणि प्रकल्प एकत्र होते. इंटर्नशिप देतो पण आधी पैसे भरा, असे सांगणारे अनेक संदेश त्या काळात येतात. मी अशा एकाही ठिकाणी गेले नाही आणि कोणी जाऊ नये. पैसे देऊन मिळालेल्या कागदाने एक रकाना भरेल, पण तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला की माणूस उघडा पडतो. मला पुण्यातील एका छोट्या कंपनीत महिना 12,000 रुपये विद्यावेतनावर जागा मिळाली. खोली आणि जेवण जाऊन त्यातून काही उरले नाही, पण घरून मागवावे लागले नाही. महाविद्यालयाचे ना-हरकत पत्र, दर आठवड्याची नोंदवही आणि शेवटी कंपनीचे पूर्णत्वपत्र अशी तीन कागदपत्रे लागतात. पूर्णत्वपत्रावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख स्पष्ट असली पाहिजे. आमच्या गटातील एकाच्या पत्रावर नुसते चार महिने असे लिहिले होते. ते बदलून आणण्यात त्याचा निकाल राखून ठेवला गेला.

प्रकल्प आम्ही चौघांनी बेदाण्याच्या छायाचित्रांवरून रंगानुसार प्रतवारी करण्याचा घेतला होता. त्याचे ब्लॅक बुक, म्हणजे प्रकल्पाचा बांधीव अहवाल, सोनेरी अक्षरांच्या बांधणीसह प्रत्येकी 350 रुपयांना पडले. बांधणीला देण्याआधी मार्गदर्शकांची सही, साहित्यचोरी तपासणीचा अहवाल आणि पानांचे क्रमांक पाहून घ्यावेत, कारण एकदा बांधलेले पुस्तक उसवून पान घालता येत नाही.

निकालानंतरची कामे कमी आहेत, पण क्रमाने करावी लागतात. आधी ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि लेखा विभागाची ना-देणी प्रमाणपत्रे घ्यायची; ती मिळाल्यावर एकत्रित गुणपत्रक आणि तात्पुरते पदवी प्रमाणपत्र मिळते. मूळ पदवी शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर यांच्या दीक्षान्त समारंभानंतर मिळते, म्हणून नोकरीत रुजू होताना तात्पुरते प्रमाणपत्रच दाखवावे लागते आणि ते चालते. एकत्रित गुणपत्रक हातात आले की खिडकीवरून हलण्याआधी ते स्वतःच्या वहीतील रकान्यांशी ताडून पाहावे. माझ्या गुणपत्रकावर एनपीटीईएलचा विषय सातव्या सत्रात दाखवला आहे की नाही आणि दोन्ही ऑडिट कोर्ससमोर उत्तीर्ण लिहिले आहे की नाही, हे मी तिथेच पाहिले. दोन्ही बरोबर होते. सीजीपीएचे टक्क्यांत रूपांतर करण्याचे सूत्र प्रत्येक संस्थेचे वेगळे असते आणि पदव्युत्तर प्रवेशाच्या किंवा सरकारी नोकरीच्या अर्जात टक्केच विचारतात. त्यामुळे परीक्षा विभागाच्या शिक्क्याचे रूपांतरपत्र त्याच अर्जाबरोबर मागून घ्यावे. शिक्षण परदेशात पुढे न्यायचे असेल तर ट्रान्सक्रिप्टच्या (सर्व सत्रांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याच्या) सीलबंद प्रतीही तेव्हाच मागवाव्यात. नंतर पुण्या-बेंगळुरूहून एका सहीसाठी रजा काढून सांगलीला यावे लागत नाही.